पडद्यावरचा पडदा

अब्बांनी उमेदीची सगळी वर्षं किताबतीत घालवली. नांदेडच्या जुन्या वस्तीत आमच्या ओसरीवर एक लाकडी पाट, शाईची दौत, बोरूच्या चार-पाच लेखण्या आणि शेजारी मिस्तर, एवढाच त्यांचा संसार. मिस्तर म्हणजे काय, हे आता उर्दू शाळेतल्या मुलांनाही समजावून सांगावं लागतं. जाड पुठ्ठ्यावर ठरावीक अंतरानं दोरे ताणून बसवलेले असतात. त्यावर कोरा कागद ठेवून बोटानं दाबत नेला, की कागदावर दोऱ्यांचे वळ उमटतात. शाईची रेघ न ओढता सरळ ओळ मिळते. लग्नाच्या पत्रिका, जलशांची पोस्टरं, एका उर्दू साप्ताहिकाची पानंच्या पानं अब्बांनी अशा न दिसणाऱ्या ओळींवर लिहिली. पुढे इनपेज आलं, नस्तालीक लिपी संगणकातून छापून यायला लागली आणि कातिबांचं काम संपलं. अब्बांनी कुरकुर केली नाही. मात्र फजरच्या नमाजनंतर एक पान मश्क करायची सवय त्यांनी सोडली नाही.

2017 च्या पावसाळ्यात एका सकाळी ते म्हणाले, "अलिफ टेढा दिखरा बेटा."

मी शाळेच्या गडबडीत होतो. "उम्र का तकाजा है अब्बा," एवढं म्हणून मी चप्पल घातली. अलिफ म्हणजे उर्दूचं पहिलं अक्षर, एक उभी रेघ. आयुष्यात लाखो अलिफ ओढलेला माणूस सांगतोय की रेघ मधोमध वाकते आहे, आणि वर्गात मुलांना निरीक्षण करायला सांगणारा त्याचा बी.एड. झालेला मुलगा त्याला वयाचं कारण देतो. हा लेख मी लिहायला घेतला तो त्या उत्तराची लाज वाटते म्हणून.

पुढची दोन वर्षं चष्म्याचे नंबर बदलण्यात गेली. मग एका ठिकाणी मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन झालं. रंग उजळले, समोरच्या भिंतीवरचं घड्याळ स्पष्ट दिसायला लागलं, पण अलिफ वाकडाच राहिला. अब्बांनी स्वतःच एक-एक डोळा झाकून पाहिलं आणि सांगितलं की डाव्या डोळ्यानं रेघ सरळ आहे, फक्त उजव्यानं वाकते. तपासणाऱ्यानं ते ऐकून घेतलं आणि म्हटलं, "चाचा, लेन्स एकदम चांगली बसलीय."

यात एकट्या त्या माणसाचा दोष नाही. आमच्या भागात डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे मोतीबिंदूच. त्यालाही चांगलं कारण आहे. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेले आणि त्यांनी लाखावर लोकांना दृष्टी दिली. गावोगावच्या शिबिरांमुळे ज्यांच्या आज्या आंधळ्या होऊन वारल्या त्या घरांत आता आज्या पोथी आणि कुराण वाचतात. पण त्यामुळे असं झालं, की डोळ्यात लेन्सच्या मागेही काही असतं, हे आमच्या लोकांच्या गावीच राहिलं नाही.

2019 मध्ये लातूरच्या आपानं हट्ट धरला. मी अब्बांना घेऊन लोहा, अहमदपूर करत एसटीनं लातूरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी अब्बांच्या हातात एक कागद दिला. चौकोनात बारीक-बारीक चौकडी, मध्ये एक ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघा आणि कुठली रेघ वाकते ते सांगा. अब्बा हसले. "ये तो मिस्तर है," म्हणाले, आणि लेखणी मागून घेऊन कागदावर नेमकी कुठली ओळ कुठे वाकते ते काढून दाखवलं. डॉक्टर बराच वेळ तो कागद बघत राहिले. या तक्त्याला अ‍ॅम्स्लर ग्रिड म्हणतात. मार्क अ‍ॅम्स्लर या स्विस डॉक्टरानं 1940 च्या दशकात तो रूढ केला.

त्यानंतर अब्बांनी एका यंत्रावर हनुवटी टेकवली, काही सेकंद एका ठिपक्याकडे पाहिलं आणि पडद्यावर त्यांच्या डोळ्याचा उभा छेद आला. भूगोलाच्या पुस्तकात जमिनीचे थर दाखवतात तसे थर. मध्यभागी एक खळगा असायला हवा होता, तो जवळपास भरून गेला होता. वरच्या कडेला एक चमकती पांढरी रेघ ताणून बसलेली आणि तिच्याखाली थरांना सुरकुत्या. डॉक्टर म्हणाले, "पडद्यावर पडदा आलाय."

आमच्या मराठीत या शब्दानं घोळ घातला आहे. डॉक्टर 'पडदा' म्हणतात तेव्हा त्यांना रेटिना म्हणायचं असतं, पुस्तकातलं दृष्टिपटल. आणि लोक 'डोळ्यावर पडदा आला' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात मोतीबिंदूही असतो, बुबुळावर वाढणारं मांसही असतं. इथे दोन्ही अर्थ एकत्र आले होते. डोळ्याच्या पोकळीत अंड्याच्या पांढऱ्यासारखा पारदर्शक गर असतो. उतारवयात तो आकसतो आणि रेटिनापासून सुटतो. सुटताना मागे राहिलेल्या काही पेशी रेटिनाच्या पृष्ठभागावर वाढतात आणि दुधावर साय धरावी तसा एक पापुद्रा तयार करतात. साय जशी आकसली की दुधाच्या कडेला सुरकुत्या पडतात, तसा हा पापुद्रा आकसतो आणि खालच्या रेटिनाला ओढतो. ज्या जागेनं आपण वाचतो ती जागाच मुरगळते. अलिफ वाकतो.

हा पापुद्रा काढता येतो. अडचण एकच, तो दिसत नाही. रेटिनाची मधली जागा जाडीला साधारण पाव मिलिमीटर. तिच्यावरचा तिचा स्वतःचा सर्वांत वरचा थर दोन-तीन मायक्रॉनचा. आपल्या डोक्याचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे त्याच्या पंचवीस-तिसाव्या हिश्शाइतका. त्यावर बसलेला पापुद्राही पारदर्शक. काच धुतलेल्या ग्लासाच्या तळाशी चिकटलेला कांद्याचा पापुद्रा चिमट्यानं उचलायचा, तोही ग्लासाला ओरखडा न काढता. हे कळल्यावर मी वाचायला लागलो. अदृश्य वस्तू हातानं उचलायला माणूस शिकला कसा?

सुरुवात आमच्याच माणसापासून करावी असं मला वाटलं होतं. 2015 साल युनेस्कोनं प्रकाशवर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा इब्न अल-हैसमच्या 'किताब अल-मनाजिर' या ग्रंथाला हजार वर्षं झाल्याचंही निमित्त होतं. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात मी मुलांकडून त्याचा तक्ता करून घेतला आणि भाषणात ठोकून दिलं की डोळा कसा पाहतो हे मुसलमान शास्त्रज्ञानं जगाला शिकवलं. टाळ्या पडल्या. आता नीट वाचल्यावर त्या भाषणात दुरुस्ती करणं भाग आहे.

बसऱ्याला 965 च्या सुमारास जन्मलेला, कैरोत काम केलेला हा माणूस मोठा होता यात शंका नाही. डोळ्यातून किरण बाहेर पडून वस्तूला शिवतात, ही ग्रीकांपासूनची समजूत त्यानं मोडली आणि वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो हे अंधाऱ्या खोलीतल्या प्रयोगांनी मांडलं. पण पाहण्याची जाणीव कुठे सुरू होते, या प्रश्नाला त्याचं उत्तर होतं डोळ्यातलं भिंग. रेटिना नव्हे. तिथे तो चुकला. प्रतिमा रेटिनावर पडते, आणि तीही उलटी, हे योहानेस केप्लरनं 1604 मध्ये सांगितलं. केप्लर ज्या परंपरेत वाढला तिच्या पायाशी इब्न अल-हैसमचा लॅटिन अनुवाद होता, तो 1572 मध्ये बाझलला छापला गेला होता. म्हणजे चूक दुरुस्त झाली ती त्याच्याच पद्धतीनं. त्यानं टॉलेमीवर शंका घेणारं एक स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं. आमच्या जलशांत त्याचं नाव घेतात, त्या पुस्तकाचं घेत नाहीत.

भाषेच्या शिक्षकाला मात्र या इतिहासात एक खराखुरा दागिना सापडला. उर्दूत रेटिनाला शबकिया म्हणतात. अरबीत शबका म्हणजे जाळं. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती वैद्यानं गॅलनचं नेत्रविज्ञान अरबीत आणलं. ग्रीक वैद्यांनी या थराला मासेमारीच्या जाळ्याची उपमा दिली होती, तीच अरबीत शबकिया झाली. बाराव्या शतकात टोलेडोत क्रेमोनाच्या जेरार्डनं अरबी वैद्यक लॅटिनमध्ये नेलं तेव्हा लॅटिनमधल्या जाळ्यावरून, 'रेटे'वरून, शब्द झाला रेटिना. एका ग्रीक जाळ्याचा हा प्रवास ख्रिस्ती अनुवादक, मुसलमान राजधानी आणि स्पेन असा झाला. आणि 1917 मध्ये हैदराबादला दारुल तर्जुमा सुरू झाला, उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून वैद्यक शिकवलं जाऊ लागलं. नांदेड आणि लातूर तेव्हा त्याच संस्थानात. 1948 पूर्वी आमच्या भागातला एखादा मुलगा हैदराबादला डॉक्टरकी शिकायला गेला असता, तर त्यानं रेटिना हा शब्द शिकण्याआधी शबकिया शिकला असता. आमच्या खेड्यातली म्हातारी अजून 'डोळ्यापुढं जाळं आलं' म्हणते. ती काही चूक बोलत नाही.

शब्द होता, पण जिवंत माणसाचं ते जाळं कुणी पाहिलेलं नव्हतं. बाहुली काळी दिसते कारण आत बघायला वाकलं की बघणाऱ्याचंच डोकं उजेड अडवतं. 1851 मध्ये जर्मनीच्या हेल्महोल्ट्झनं काचेच्या पट्ट्यांनी प्रकाश वळवून आत सोडला आणि त्याच वाटेनं परत येणारा प्रकाश स्वतःच्या डोळ्यात घेतला. त्या यंत्राला ऑफ्थॅल्मोस्कोप म्हणतात. पुढे 1865 मध्ये इवानोफनं सूक्ष्मदर्शकाखाली आपल्या गोष्टीतला पापुद्रा पहिल्यांदा वर्णन केला. दिसला, नाव मिळालं, पण शंभर वर्षं कुणी त्याला हात लावू शकलं नाही. डोळ्याच्या गरात चाकू घातला की डोळा गेला, असंच शिकवलं जाई.

दोन डोळ्यांनी, खोलीसकट रेटिना बघता यावा असं डोक्याला बांधायचं उपकरण चार्ल्स शेपेन्सनं दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच लंडनमध्ये तयार केलं. हा बेल्जियन डॉक्टर युद्धात नाव बदलून पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी लाकडाची वखार चालवत होता. वखार दाखवायला होती. प्रत्यक्षात तो नाझींपासून पळणाऱ्यांना डोंगरापलीकडे स्पेनमध्ये पोचवत होता. नंतर तो बोस्टनला गेला. त्याच्या हाताखाली शिकलेल्यांत डॉ. एस. एस. बद्रिनाथ होते, ज्यांनी 1978 मध्ये चेन्नईत शंकर नेत्रालय उभं केलं. भारतात रेटिनाचं काम रुजलं त्यात या धाग्याचा मोठा वाटा आहे.

डोळ्याच्या आत शिरण्याची हिंमत केली रॉबर्ट माखेमर यांनी. त्यांची कथा वाचताना मी थांबलो. त्यांचे वडील हेल्मुट हेही नेत्रतज्ज्ञ, आई अर्धी ज्यू. बायकोमुलांवर वंशाचा शिक्का बसू नये म्हणून वडील स्वतःहून रशियाच्या आघाडीवर डॉक्टर म्हणून गेले. पराक्रम गाजवला तर घरच्यांना सूट मिळेल, ही आशा. 1942 मध्ये ते तिकडेच मारले गेले, आणि सूट मिळाली. कागदावर माणूस कोण आहे हे सिद्ध करण्यासाठी जीव द्यावा लागणं ही काय चीज आहे, हे आमच्या वाचकांना फोड करून सांगायला नको. तो वाचलेला मुलगा पुढे मायामीला गेला. त्यानं एका नळीत फिरणारं पातं बसवून गर कापायचं आणि त्याच वेळी शोषून घ्यायचं यंत्र बनवलं, अंड्याच्या पांढऱ्यावर ते चालवून पाहिलं आणि 1970 मध्ये माणसाच्या डोळ्यात वापरलं. गर काढायचा, त्याजागी खारं पाणी भरत राहायचं, म्हणजे डोळा चपटा होत नाही. याला विट्रेक्टमी म्हणतात. 1970 चं दशक संपायच्या आत माखेमर रेटिनावरचा पापुद्राही सोलू लागले होते.

आता हात आत पोचला, पण आत अंधार. बाहेरून टाकलेला उजेड बुबुळावर चमकतो आणि डोळे दिपवतो. दिवा डोळ्याच्या आतच नेता आला तो ऑप्टिकल फायबरमुळे, केसासारख्या काचतंतूंमुळे. या तंतूंतून चित्र नेऊन दाखवणारा निबंध 1954 मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. लिहिणारे दोघे, हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी. हजूर साहिबच्या शहरात राहणाऱ्या मला हे वाचून बरं वाटलं. सचखंड गुरुद्वाराच्या रस्त्यावर रोज हजारो यात्रेकरू दिसतात. त्यांच्यातल्या एकाच्या कामाचा उजेड अब्बांच्या डोळ्यात गेला, असं म्हणायला हरकत नाही. 1987 मध्ये बॉनच्या स्पिट्झनास यांनी सूक्ष्मदर्शकाला असं भिंग जोडलं की रेटिनाच्या कडेपर्यंतचा सगळा पट एकदम दिसावा. चित्र मात्र उलटं दिसे, ते सुलट करायला आणखी एक भिंगजोड लागली. केप्लर असता तर हसला असता.

आणि तरी पापुद्रा पारदर्शकच. उजेड कितीही टाका, पाण्यातली काच दिसत नाही. तिला रंग द्यावा लागतो.

रंगांचा हा भाग मला सगळ्यांत आवडतो. डोळ्याच्या आत वापरलेला कुठलाच रंग डोळ्यासाठी जन्माला आला नव्हता. 1961 मध्ये अमेरिकेत नोव्हॉटनी आणि अ‍ॅल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी फ्लुरोसीन शिरेतून टोचून रेटिनाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढल्याचा निबंध छापला. सुई कुणी टोचून घ्यायची यासाठी त्यांनी नाणं उडवलं होतं. ती अ‍ॅल्विसला लागली. इंडोसायनिन ग्रीन हा हिरवा रंग कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेतला. 2000 साली जपानी शल्यविशारदांनी त्यानं रेटिनाचा वरचा थर रंगवला, तेव्हा पहिल्यांदाच सोलायच्या थराची कड डोळ्याला दिसली. पण हा रंग रेटिनाला बाधतो की काय, अशी शंका पुढे येत राहिली. त्याच वर्षी घोलाम पेमन यांनी ट्रायमसिनोलोनचे पांढरे कण टाकून न दिसणारा गर दाखवला. हे मूळचे शिराजचे. आम्ही उर्दूवाले शिराज म्हटलं की फक्त सादी आणि हाफिज आठवतो.

2006 मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या एनाइदा आणि सहकाऱ्यांनी ब्रिलियंट ब्लू पुढे आणला. हा लोकर रंगवायचा निळा रंग. त्याचं कुमासी हे व्यापारी नाव घानातल्या एका शहरावरून पडलं. इंग्रजांनी ते शहर लढून घेतलं होतं आणि मँचेस्टरच्या रंगवाल्यांनी त्याचं नाव डब्यावर लावलं. लोकरीच्या गिरणीतून प्रयोगशाळेत, तिथून डोळ्यात. आज मदुराईच्या अरविंद संस्थेच्या ऑरोलॅबमध्ये हा रंग डोळ्यासाठी तयार होतो. आपल्याकडची ही ऑपरेशनं आपल्या ऐपतीत यायला त्याची मदत झाली आहे, असं मला वाटतं.

आणि अब्बांच्या छेदाचं ते यंत्र? ओसीटी. 1991 च्या नोव्हेंबरात 'सायन्स' या नियतकालिकात डेव्हिड ह्वांग, एरिक स्वॉन्सन, जेम्स फुजिमोटो आणि सहकाऱ्यांनी ते मांडलं. ह्वांग तेव्हा विद्यार्थीच होते. 2023 मध्ये या तिघांना लास्कर पुरस्कार मिळाला. सोनोग्राफीत आवाज आत सोडतात आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला यावरून खोली काढतात. प्रकाशाचा प्रतिध्वनी तसा मोजता येत नाही. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, इतक्या बारीक अंतरासाठी कुठलंच घड्याळ पुरत नाही. म्हणून प्रकाशाचे दोन भाग करतात. एक डोळ्यात, दुसरा आरशाकडे. दोन्ही परत येऊन भेटतात, आणि वाट अगदी सारखी असेल तरच एकमेकांत नीट मिसळतात. आरशाची वाट माहीत असते, त्यावरून डोळ्यातली कळते. पहिल्या यंत्रांना दहा मायक्रॉनपर्यंतचा फरक कळे, नंतरच्या यंत्रांना पाचच्या आसपास. बाजारात हे यंत्र 1996 मध्ये आलं. त्याआधी अब्बांसारखे किती जण 'वय झालं' ऐकून घरी गेले असतील? त्यानंतरही गेले, हे मी पुराव्यानिशी सांगू शकतो.

डिसेंबर 2019 मध्ये आम्ही देवगिरी एक्स्प्रेसनं हैदराबादला निघालो. निजामाच्या काळात टाकलेला हाच लोहमार्ग. आजोबा औषधासाठी याच वाटेनं जात. दवाखान्यात बाहेर बसलेल्या नातेवाइकांना पडद्यावर ऑपरेशन दिसतं. अब्बा भूल दिलेल्या डोळ्यानं आत जागे होते आणि बाहेर मी त्यांच्या डोळ्याच्या आत बघत होतो. आधी केशरी उजेड, त्यात लाल धाग्यांसारख्या रक्तवाहिन्या. गर गेला. मग एका बारीक नळीतून निळा रंग सोडला, थोडं थांबून धुऊन टाकला. अम्मी पांढऱ्या कुर्त्यांना नीळ द्यायची तसा रंग सगळीकडे फिकट चढला. फक्त मधोमध एक वेडावाकडा तुकडा कोराच राहिला.

मला वाटलं रंग कमी पडला. शेजारी बसलेल्या एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं सांगितलं, "अंकल, वोईच है." हा निळा रंग रेटिनाचा स्वतःचा वरचा थर धरतो, त्यावर वाढलेला पापुद्रा धरत नाही. म्हणून जिथे रंग नाही तिथे पापुद्रा. चिमटा आला, टोक कोऱ्या तुकड्याच्या कडेला टेकलं, उचललं आणि गोल फिरवत ओढलं. ओल्या कागदाचा पदर सुटावा तसा तो सुटत गेला. पुढे निळा थरही सोलून घेतला, कारण तो राहिला तर पापुद्रा पुन्हा धरायची शक्यता जास्त. मध्ये कुठेतरी मी आयतल कुर्सी पढायला सुरुवात केली होती आणि अर्ध्यावर विसरलो होतो.

त्या मुलीनंच सांगितलं की आता काही ठिकाणी ओसीटी सूक्ष्मदर्शकातच बसवलेलं असतं. ऑपरेशन चालू असतानाच छेद दिसतो, पापुद्र्याचा तुकडा मागे राहिला का ते कळतं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठ आणि क्लीव्हलंड क्लिनिकनं या कामात पुढाकार घेतला. त्यात अजून अडचणी आहेत. धातूच्या चिमट्याची सावली छेदावर पडते, आणि किंमत अफाट. निष्णात हाताला रंग बहुतेक वेळा पुरतो, असं मला वाचून वाटलं, पण मी डॉक्टर नाही. मला शिक्षक म्हणून भुरळ पडली ती दुसऱ्याच गोष्टीची. 2016 नंतर आलेल्या यंत्रणेत सर्जन सूक्ष्मदर्शकात डोळे घालून वाकत नाही. त्रिमितीचा चष्मा लावून समोरच्या मोठ्या पडद्याकडे बघत ऑपरेशन करतो. तो जे बघतो तेच खोलीतले सगळे बघतात. गुरूला नेमकं काय दिसतंय हे शिष्याला पहिल्यांदाच कळतं. अब्बांनी मला कलम धरायला शिकवलं तेव्हा मागून माझा हात धरला होता. तरी त्यांना अक्षर लिहायच्या आधी कागदावर काय दिसायचं, ते मला कधीच दिसलं नाही.

शेजारच्या खाटेवर कामारेड्डीचे एक गृहस्थ होते, त्यांच्या रेटिनाला मधोमध छिद्र पडलं होतं. त्यांच्या डोळ्यात वायू भरला होता, त्यामुळे काही दिवस तोंड खाली करून राहायचं. अब्बांना तशी सक्ती नव्हती, फक्त काही दिवस खुर्चीवर नमाज. त्या गृहस्थांची बायको त्यांना हसून म्हणाली, "उम्र भर की कजा पूरी कर लो, सजदे में ही पडे रहना है."

फेब्रुवारीत एकदा दाखवून आलो. पुढची तारीख लॉकडाऊनमध्ये गेली. ती तपासणी शेवटी लातूरलाच झाली, त्याच यंत्रावर. वरची पांढरी रेघ गेली होती. सुरकुत्या बऱ्याच उलगडल्या होत्या. मधला खळगा पूर्ण नाही, पण उथळसा परत आला होता. डॉक्टर म्हणाले, रेटिना इतकी वर्षं ओढला गेला होता, त्याला सगळं विसरायला वेळ लागतो, थोडं कायमचं राहील. आधी आला असतात तर, असं ते म्हणाले नाहीत. मी ऐकलं मात्र तेच.

अब्बांनी दोन्ही छेदांचे कागद मागून घेतले. आता ते मिस्तरच्या पेटीत आहेत. परवा पहाटे मी लवकर उठलो होतो. ते ओसरीवर बसले होते, डावा डोळा हातानं झाकून, उजव्यानं स्वतःचा अलिफ तपासत. मी विचारलं, "कैसा दिखरा?"

"थोडा लचकता अब भी," ते म्हणाले. "बीच में. पर पकड में आगया." आणि कोरा कागद माझ्याकडे सरकवला, मिस्तरवर दाबून द्यायला.